घोरणं थांबलं, तपासणी कुठे आहे?

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे श्रोत्यांना आता नव्याने सांगायला नको. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद, कधी त्याहून जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. हा स्लीप अॅप्निया, आणि त्यावर सीपॅपचं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन असतं, हेही तुम्ही ऐकलंय. मी दातांची डॉक्टर. ज्यांना ते मशीन सोसत नाही, त्यांच्यासाठी रात्री दातांवर बसवायचं अप्लायन्स असतं, त्यावर बोलायला मला बोलावलं आहे. ते बोलतेच, पण माझी एक तक्रार आहे, ती आधी ऐका. अप्लायन्स बसलं, घोरणं थांबलं, की पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करायला लोक जात नाहीत. अगदी कुणीच नाही म्हटलं तर अन्याय होईल. पण फार थोडे जातात.

हे अप्लायन्स करतं काय? घरातल्या जुन्या लाकडी कपाटाचा खण डोळ्यांसमोर आणा. खालचा जबडा म्हणजे तो खण, आणि जीभ म्हणजे खणाच्या तळाशी पक्की बसवलेली वस्तू. आपण उताणे झोपलो, स्नायू सैल पडले, की खण आत सरकतो आणि जीभ पाठीमागच्या भिंतीला, म्हणजे घशाला टेकते. हवेला वाट राहत नाही. अप्लायन्स हा खण थोडा पुढे ओढतं आणि रात्रभर तसाच धरून ठेवतं. एक पट्टी वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही एकमेकींत अडकवलेल्या आणि बाजूला बारीक स्क्रू. पेशंट याला कवळी म्हणतात. म्हणू देत.

खण किती ओढायचा, यात सगळं कौशल्य आहे. कमी ओढला तर वाट उघडत नाही, फार ओढला तर सांध्यात कळा येतात. म्हणून स्वतःहून जबडा जितका पुढे नेता येतो, त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करायची आणि मग काही आठवडे स्क्रू फिरवत थोडं थोडं पुढे जायचं. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची जी पट्टी आहे ना, तिच्यात बहुधा ही सोय नसते. ती तुमच्या दातांच्या मापाने केलेलीही नसते. कृपा करून तिच्यावर पैसे घालवू नका.

खण सरकायला कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मजबूत लागतात. त्या पट्ट्या म्हणजे तुमचे दात. वर-खाली मिळून चारच दात उरलेत, तेही हलतात, तर अप्लायन्स कशाला धरणार? प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा धड दात आणि ठीकठाक हिरड्या हव्यात. आणि आपल्याकडचं एक वेगळंच दुखणं: खणच गच्च अडकलेला. गुटखा आणि सुपारी खाऊन गालांच्या आतली त्वचा ताठ होते, तोंडात दोन बोटं जाईनाशी होतात. मग माप घ्यायचा ट्रे तोंडात घालायचा कसा, आणि जबडा पुढे न्यायचा कसा? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांची तोंडं पाहून ती जाणवत नाही. असो, तो विषय निघाला की मी थांबत नाही.

माझ्या तक्रारीकडे परत येते. घोरणं हा आवाज आहे. आजार मोजतात तो तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा अर्धवट होतो यावर. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. आता समजा, एका गृहस्थांचा आकडा अठ्ठावीस होता. अप्लायन्स बसवलं, तो सतरावर आला. घोरणं जवळपास बंद. बायकोला शांत झोप लागली, तिने मला पेढे आणून दिले. पण सतरा म्हणजे अजून मध्यमच की! पहाटेचं डोकं दुखणं, रात्री दोनदा लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर, हे सगळं चालूच राहू शकतं. घरात कुणाला कळत नाही, कारण आता आवाज नाही. आधी निदान आवाजाने तरी कळत होतं!

म्हणून पुन्हा सांगते, मघाशी कुणी स्वयंपाकघरात गेलं असेल तर त्यांच्यासाठी: अप्लायन्सचं माप जमलं, की ते तोंडात घालूनच पुन्हा स्लीप स्टडी करायची. बोटाला, छातीला, नाकाला सेन्सर लावून घरच्या घरी होणारी तपासणीही बऱ्याच जणांना चालते. कोणती करायची ते तुमचे झोपेचे डॉक्टर ठरवतील. २०१५ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संस्थांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेच आहे: मापाने केलेलं, कमी-जास्त करता येणारं अप्लायन्स द्या आणि नंतर तपासणी करून खात्री करा. माझ्या व्यवसायबंधूंनाही इथे दोन शब्द सुनावते. पहिल्या स्लीप स्टडीचा कागद पाहिल्याशिवाय माप घेऊ नका. श्वास मेंदूकडूनच थांबत असेल, तर जबडा कितीही पुढे ओढून काय उपयोग?

मशीन चांगलं की अप्लायन्स, असं मला नेहमी विचारतात. श्वास अडण्याची संख्या मशीनच जास्त उतरवतं, आणि आजार तीव्र असेल तर आधी मशीनच. पण कपाटावर ठेवलेलं मशीन कुणालाच बरं करत नाही. सीपॅप जन्माला आलं सिडनीत, कॉलिन सलिव्हन यांच्या हातून, १९८१ मध्ये. त्याच सिडनीतल्या संशोधकांनी २०१३ साली दोन्ही उपचार एकेक महिना देऊन पाहिले. आकडा मशीनने जास्त उतरवला, पण लोकांनी अप्लायन्स रोज जास्त तास वापरलं आणि ब्लडप्रेशरवरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. तेव्हा अप्लायन्सला कुणी दुय्यम समजू नये. फक्त ते काम करतंय का, हे... पुन्हा तेच सांगतेय, चालायचंच.

त्रासही सांगायला हवेत. सुरुवातीला लाळ सुटते किंवा तोंड कोरडं पडतं. सकाळी दात एकमेकांवर नीट बसत नाहीत; रात्रभर ओढलेला खण सकाळी लावून घ्यावा लागतो, त्याचे व्यायाम आम्ही शिकवतो आणि ते करायचे असतात. वर्षानुवर्षांच्या वापराने दात किंचित सरकतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांना अधूनमधून दाखवायचं. आणि घोरणं थांबलं म्हणून ब्लडप्रेशरची गोळी तुमच्या मनाने बंद करायची नाही.

काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत, एक मिनिट उरलंय. लहान मुलांच्या घोरण्यावर बोलायचं होतं. तिथे टॉन्सिलचा भाग मोठा असतो, मोठ्यांचं अप्लायन्स त्यांना... नाही, ते पुन्हा केव्हातरी.

ज्यांनी अप्लायन्स बसवलंय आणि नंतरची स्लीप स्टडी राहिली आहे, त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून तारीख घ्यावी. आणि घरच्यांनो, ते चालढकल करणार, तेव्हा फोन तुम्हीच लावा.