लहानग्यांची तहान

वैशाखांतील दुपार होती. नागपुरास पारा ४५ अंशांच्या घरांत गेला होता. एका घरांतील दोन वर्षांच्या मुलीनें सकाळपासून दोन घोट पाणीही घेतलें नव्हतें. आईनें पेला पुढें केला कीं ती तोंड फिरवी आणि ओठ घट्ट मिटून घेई. आजी म्हणाली, “अग, अशानें कसें व्हायचें? मांडीवर आडवी घे आणि नाक धरून पाज. तुझ्या नवऱ्याला मी असेंच पाजीत असें.” सुनेनें तसें केलें. मुलीस जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले आणि घरांतील सर्वांचा जीव टांगणीस लागला. ठसका निवळला, परंतु त्या दिवसापासून पेला नुसता दिसला तरी मुलगी आकांत करूं लागली.

पुढील चार दिवसांत तिला मलावरोध झाला. शौचाच्या वेळीं दुखूं लागलें म्हणून ती शौच रोखून धरी. रोखल्यामुळें मळ अधिकच कठीण होई आणि भूकही मंदावे. डॉक्टरांनीं तपासून थोडें औषध दिलें आणि सांगितलें, “मुलीला रोग नाहीं. पाण्याशीं तिचें वैर नव्हतें. तें मोठ्या माणसांनीं लावून दिलें आहे. घरांतली रीत तेवढी बदला.”

असे प्रसंग पुष्कळ घरीं घडतात. वजनाच्या मानानें लहान मुलाच्या कातडीचा विस्तार मोठ्या माणसापेक्षां अधिक असतो आणि त्याचा श्वासही अधिक जलद चालतो. त्यामुळें उन्हाळ्यांत किंवा तापांत तें लवकर सुकतें. खेळांत रमलेल्या मुलास आपली तहान ध्यानांत येत नाहीं. आली तरी ती नीट सांगतां येत नाहीं. त्यांतून दीड-दोन वर्षांचें वय म्हणजे ‘नको’ या शब्दाचें वय. आपल्याला स्वतःची इच्छा आहे, हें मुलास नुकतेंच उमगलेलें असतें. जितकी सक्ती अधिक, तितका नकार अधिक. शिवाय रडत्या किंवा आडव्या मुलाच्या तोंडांत ओतलेलें पाणी श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें, तें वेगळेंच.

एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं सुमारें १ ते १.३ लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत त्याहून अधिक. परंतु हा आंकडा नुसत्या पेल्यांतील पाण्याचा नव्हे. दूध, वरण, मऊ भात, फळें यांतील पाणीही त्यांतच धरावयाचें असतें. मापें घेऊन बसण्यापेक्षां लघवीकडे लक्ष ठेवावें. ती फिकट पिवळी असेल, दिवसांतून पांच-सहा वेळां होत असेल आणि मूल हंसतखेळत असेल, तर काळजीचें कारण नसतें.

डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणें त्या घरीं तो पेला दृष्टीआड ठेवण्यांत आला. जेवणांत पातळ वरण, भाताची पेज, ताजें ताक, काकडीचा कीस आणि बिया काढलेल्या कलिंगडाचे बारीक तुकडे आले. तहान लागेल तेव्हां चमच्यानें किंवा वाटींतून पाणी पुढें येई. “पाणी पितेस का?” हा प्रश्न आईनें सोडून दिला, कारण त्याचें उत्तर ठरलेलेंच होतें. “वाटींतून घेतेस कीं लाल पेल्यांतून?” असें ती विचारूं लागली. झोपेंतून उठल्यावर, खेळून आल्यावर आणि जेवतांना दोन घोटांपुरतेंच पाणी ठेवावयाचें. प्यालें तर बरें, न प्यालें तर मुकाट्यानें उचलावयाचें, असा नियम झाला. आजी स्वतः फुलपात्र घेऊन नातीसमोर बसे आणि सावकाश पाणी पिई. “तूंही पी” असें मात्र ती एकदांही म्हणाली नाहीं. तिला तें जड गेलें, पण तिनें तें पाळलें.

गोडाचें आमिष मात्र दाखवूं नये. सरबत आणि डबाबंद रस यांची चटक लागली कीं साधें पाणी बेचव वाटतें आणि दांतही किडतात. चहा तर देऊंच नये. त्यामुळें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या फार पुढें जाऊं नये. पोट दुधानेंच भरलें तर जेवण सुटतें आणि रक्त कमी होतें. सहा महिन्यांखालील तान्ह्या बाळास आईच्या दुधावांचून पाण्याची गरज नसते.

जुलाब-वांती लागल्यास मात्र वाट पाहत बसतां येत नाहीं. १९७१ सालीं बनगांव येथें निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महलानबीस यांनीं ग्लुकोज व मीठ मिसळलेलें पाणी तोंडानें पाजवून असंख्य जीव वाचविले. आजची ओआरएसची पुडी त्याच मार्गावरची आहे. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांत सबंध पुडी कालवावी. दर जुलाबामागें दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० आणि त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, थोडें थोडें करून पाजावें. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां अधिक सावकाश द्यावें. मूल निपचित पडलें, डोळे खोल गेले, रडतांना अश्रू येईनात, सहा-आठ तास लघवी झाली नाहीं किंवा पिणेंच थांबलें, तर घरचे उपाय बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावें.

नागपूरच्या त्या घरीं तिसऱ्या आठवड्यांत एके दुपारीं आजी जप करीत बसली होती. नातीनें लाल पेला दोन्हीं हातांनीं आणून तिच्या ओठांशीं लावला आणि म्हणाली, “आजी, पी.” आजी एक घोट प्याली. उरलेलें पाणी मुलीनें स्वतः पिऊन टाकलें, थोडें अंगावर सांडलें आणि ती खेळावयास गेली. नाक धरण्याचा सल्ला त्या घरांत पुन्हां कोणी दिला नाहीं.