वाफेच्या पाण्याची वाट

जन्मभर शाळेंत शास्त्रविषय शिकविलेल्या माणसानें नळकामावर बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु हा धडा मला माझ्या एका विद्यार्थ्याकडून मिळाला, आणि तोहि मी निवृत्त झाल्यावर.

हा विद्यार्थी सूत रंगविण्याच्या एका कारखान्यांत फिटर आहे. ओलें सूत वाळविण्याच्या खोलींत त्यानें वाफेचें वेटोळें, म्हणजे कारखान्यांतील भाषेंत कॉइल, बसविलें. पंख्याचा वारा तीवरून जाऊन तापतो व सूत वाळतें. सकाळीं पहिला अर्धा तास काम उत्तम चाले. पुढें कॉइलचा खालचा भाग गार पडे, नळांत घणाचे घाव बसावे तसे आवाज होत, आणि खालच्या फळीवरचें सूत ओलेंच राही. मालकांनीं नुकसान त्याच्या पगारांतून कापण्याचें ठरविलें. एके रात्रीं तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, बॉयलरला दाब आहे, नळांत गळती नाहीं, मग उष्णता जाते कोठें?"

एक किलोग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी लागतात; त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४०. तापमापकास न दिसणारी ही उष्णता जोसेफ ब्लॅक यांनीं १७६० च्या दशकांत ग्लासगो येथें शोधून काढली. कॉइलमध्यें वाफ हीच ठेव परत करते आणि पाणी होते. तेव्हां पाणी व्हावयाचेंच. मात्र तें तत्काळ बाहेर गेलें पाहिजे. तें साचलें तर तेवढ्या जागेंत वाफ शिरत नाहीं, आणि मागून येणाऱ्या वाफेनें तें लोटलें गेलें म्हणजे वळणावर आदळतें. घणाचे घाव ते हेच; त्यांनीं बिडाचे जोड फुटतात.

दुसऱ्या दिवशीं मी जाऊन पाहिलें. कॉइल जमिनीस टेकलेली, तिच्याच पातळीवर स्टीम ट्रॅप, आणि तेथून पाण्याचा नळ दारावरून चार मीटर उंच चढविलेला! ट्रॅप पाणी ओढून घेतो असा पुष्कळांचा समज असतो. तो केवळ द्वारपाल आहे. पाण्यास जाऊं देतो, वाफेस अडवितो. पाण्यास ढकलावयाचें तें उंचीनें किंवा दाबानें. चार मीटर चढण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ०.४ किलोग्रॅम दाब हवा. सकाळीं व्हॉल्व्ह पुरा उघडा, म्हणून तो मिळे. खोली तापली कीं आपोआप चालणारा व्हॉल्व्ह वाफ आंवळी, कॉइलमधील दाब पडे आणि पाणी जागच्या जागीं तुंबे. मालक बॉयलरचा दाब वाढवा म्हणत. तसें केल्यास तो व्हॉल्व्ह अधिकच आंवळला असता.

मग आम्ही कॉइल लोखंडी घोडीवर चढविली. तिच्या तोंडापासून ट्रॅप ४५ सेंटिमीटर खालीं आला. त्याच्या आधीं गाळणी. पुढें नळ उताराचा, खड्ड्यांतील उघड्या टांकीपर्यंत. टांकींतून बॉयलरकडे पाणी चढविण्यास पंप. वाफेचा फांटा मुख्य नळाच्या माथ्यावरून घेतला, म्हणजे तळचें पाणी आंत येत नाहीं. वाफ बंद होतांच तिचें पाणी होऊन जागा १,६०० पटींहून अधिक आकसते व पोकळी निर्माण होते. ती पाणी धरून ठेवूं नये म्हणून कॉइलच्या वरच्या तोंडाशीं हवा आंत घेणारी एकमार्गी झडप लाविली. दहा मीटर नळ १०० अंशांनीं तापला कीं सुमारें १२ मिलिमीटर लांबतो. त्यानें तो भिंतींत पक्का चिणला होता, तोहि मोकळा केला.

पगार कापला गेला नाहीं. पंपाचा खर्च मात्र मालकांनीं त्याला बरेच दिवस ऐकविला. परत येतांना तो म्हणाला, "गुरुजी, तो ५४० चा आंकडा मला अजून पाठ आहे." पाठ मींच करून घेतला होता. त्या उष्णतेमागें पाणी उरतें आणि त्याला वाट द्यावी लागते, हें मी वर्गांत एकदांहि बोललों नव्हतों.