चार दिवसांचें बिऱ्हाड

सुट्टीसाठीं घर सोडून निघालेलें कुटुंब परगांवीं दोन रीतींनीं राहतें. एक रीत हॉटेलची. तेथें ठरल्या वेळीं जेवावें, निघतांना बिल चुकतें करावें आणि मधल्या काळांत कशाची चिंता वाहूं नये. दुसरी रीत भाड्याच्या घराची. तेथें छप्पर, पाणी, चूल व भांडीं मिळतात. रांधणें, वाढणें आणि आवरणें ज्याचें त्यानें पाहावयाचें असतें. ही दुसरी रीत पाश्चात्त्यांकडून इकडे आली, असा एक समज आहे. वस्तुतः ती या भूमींत फार जुनी आहे.

पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळांतून उतरणारा यात्रेकरू शिध्याचें गांठोडें बरोबर आणीत असे आणि तीन दगडांच्या चुलीवर आपला भात आपण शिजवीत असे. देवळालीच्या आरोग्यभुवनांत हवापालटासाठीं येणारीं कुटुंबें खोली घेऊन आपला संसार मांडीत. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरान शोधलें, आणि १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी तो डोंगर चढूं लागली, तेव्हां तेथील बंगला मुंबईकराच्या आवाक्यांत आला. कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ च्या जानेवारींत सलग खुला झाला. त्यानंतर चिपळूणला उतरून गुहागर, किंवा कुडाळला उतरून मालवण गांठणें सोपें झालें. आज कोंकणांतील अनेक वाड्यांतून घर, किंवा घराचा अर्धा भाग, पाहुण्यांना स्वयंपाकघरासह भाड्यानें मिळतो.

अशा घराकडून पाहुण्याला काय हवें असतें? घरमालकाला प्रथम सुचतात त्या गोष्टी म्हणजे भिंतीएवढा दूरदर्शन संच, रंगीत पडदे आणि दिवाणखान्यांतील झुंबर. या वस्तूंनीं छायाचित्र चांगलें येतें. परंतु मुक्काम चांगला होतो असें नाहीं. जो मनुष्य हॉटेलचें आयतें ताट सोडून रांधावयास तयार होतो, त्याला झुंबराहून निराळें कांहीं हवें असतें. कोणाचें मूल आठ महिन्यांचें असतें व त्याला मऊ भात वाटेल त्या घटकेस लागतो. कोणाच्या वडिलांना मधुमेह असतो, कोणाच्या सासूबाईंना मीठ वर्ज्य असतें, कोणाचा शनिवार असतो. कोणाला केवळ एवढेंच हवें असतें कीं पहांटे उठावें, कोणाला न उठवतां चहा करावा आणि तो अंगणांत बसून घ्यावा. घड्याळाच्या व परक्याच्या ताबेदारींतून चार दिवस सुटका, हा त्या भाड्याचा खरा मोबदला होय.

ही सुटका लहानसहान वस्तूंवर अवलंबून असते. धार असलेली विळी, चहाचें गाळणें, कोरडी काडेपेटी, मीठ, हळद, तेल, आणि पहिल्या रात्रीपुरती साखर व चहापत्ती, एवढें ओट्यावर असलें तर रात्रीं नऊ वाजतां पोहोंचलेल्या कुटुंबाला दुकान शोधीत फिरावें लागत नाहीं. गॅसचा सिलिंडर एकच असेल तर तो दुसऱ्या दिवशीं दुपारीं संपतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथून पुढें सामान हमालाच्या डोक्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर जातें. म्हणूनच त्या घरांत तवा आहे कीं नाहीं, हा प्रश्न तेथें क्षुल्लक राहत नाहीं. माथेरान व महाबळेश्वर या दोन्ही ठिकाणीं माकडांचा उपद्रव मोठा. स्वयंपाकघराच्या खिडकीला मजबूत जाळी नसेल तर फळांची टोपली पाहुण्यांच्या आधीं तींच संपवितात.

एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें ९५ अंशांवरच उकळूं लागतें, आणि मग ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यांतील पाणी त्याहून अधिक तापत नाहीं. त्यामुळें मुंबईच्या मानानें तेथें डाळ शिजावयास बराच अधिक वेळ लागतो. अशा घरांत झुंबर नसलें तरी चालेल. परंतु रबराचें कडें धड असलेला कुकर अवश्य पाहिजे.

वस्तूंच्या खालोखाल महत्त्व सत्यकथनाचें आहे. कोंकणांत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण जांभ्याच्या त्या उतरत्या भूमींत तें पाणी फार काळ टिकत नाहीं. ज्या मे महिन्यांत शहरचीं मुलें सुट्टीवर येतात, त्याच महिन्यांत विहिरी तळ दाखवूं लागतात. “या दिवसांत स्नानास प्रत्येकीं एक बादली पाणी मिळेल,” असें घरमालकानें आधींच कळविलें, तर पाहुणा तें हंसून मान्य करतो. तेंच त्याला साबण लावल्यावर कळलें, तर सगळी सुट्टी कडू होते. जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईची आशा लावणें म्हणजे फसवणूकच होय. समुद्र घरापासून पांच मिनिटांवर आहे कीं वीस, जिना किती पायऱ्यांचा आहे, गुडघे दुखणाऱ्या वृद्धासाठीं खुर्चीसारखें शौचकूप आहे कीं नाहीं, वीज गेल्यास कंदील किंवा बॅटरी कोठें सांपडेल, या प्रश्नांचीं खरीं उत्तरें पाहुण्याला निघण्यापूर्वीं हवीं असतात. गैरसोय लोक सोसतात; दडवून ठेवलेली गैरसोय मात्र विसरत नाहींत.

येथपर्यंत जें सांगितलें तें सोयीचें झालें. याहून खोल असा एक प्रश्न आहे, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं: ही सुट्टी नेमकी कोणाची?

संध्याकाळची वेळ आहे. कुटुंबांतील सर्व मंडळी ओटीवर बसून समुद्रांत बुडणारें सूर्यबिंब पाहत आहेत. मुलें हाका मारीत आहेत, “आई, लवकर ये!” आणि आई आंत, परक्या स्वयंपाकघरांत, सहावें कपाट उघडून गाळणें शोधीत आहे. ती बाहेर येते तेव्हां आकाश लाल असतें, पण सूर्य गेलेला असतो. घरीं तिला निदान प्रत्येक डबा कोठें आहे तें ठाऊक असतें. येथें तेंही नाहीं. बाकीच्यांचें गांव बदललें, तिची मात्र केवळ चूल बदलली. अशी सुट्टी तिच्या श्रमाच्या खर्चानें इतरांनीं उपभोगलेली असते, आणि बिलांत तो खर्च कधींच दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं मग हॉटेलांतच जावें. परंतु रांधणें हेंच कांहीं दुःख नव्हे. एकटीनें, अंधाऱ्या कोपऱ्यांत, बाकीचे मौज करीत असतां रांधणें हें दुःख आहे. ओटीकडे किंवा अंगणाकडे उघडणारें स्वयंपाकघर, दोघांतिघांना उभें राहतां येईल असा रुंद ओटा, आणि उघड्या फळीवर सहज दिसतील अशीं भांडीं असलीं, म्हणजे नवरा कांदा चिरूं लागतो, आजोबा शेंगा सोलतात आणि मुलें ताटें मांडतात. जें काम घरीं एकीचें असतें तें येथें सर्वांचा खेळ होऊं शकतें. घराची रचना हें घडवून आणीत नाहीं, तें कुटुंबाच्या मनावर आहे. पण वाईट रचना तें घडूं देत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

शेजारची एखादी बाई भांडीं घासावयास किंवा रात्रीच्या भाकऱ्या करून द्यावयास येणार असेल, तर तिचा मोबदला घरमालकानें आधींच ठरवून पाहुण्याला सांगावा. एकीची सुट्टी दुसरीच्या फुकट श्रमांवर उभी राहूं नये. तिच्या हातची भाकरी व कुळथाचें पिठलें ही पुष्कळदां त्या मुक्कामाची सर्वांत गोड आठवण ठरते. तिची किंमत घासाघीस करून पाडणें शोभत नाहीं.

घरमालकाला आपल्या घराची परीक्षा करावयाची असेल, तर उपाय सोपा आहे. आपणच दोन दिवस पाहुणा होऊन तेथें राहावें, आणि स्वयंपाकघरांत इतर कोणास न पाठवितां स्वतः रांधावें. कोणती वस्तू नाहीं, कोणतें दार करकरतें, कोठला दिवा अपुरा आहे, तें पहिल्या जेवणापूर्वींच कळेल. पाहुण्यानेंही निघतांना ओटा पुसावा, उरलेली साखर व मीठ झांकण लावून पुढच्यासाठीं ठेवावें. धर्मशाळेंतील चूल मागचा यात्रेकरू पुढच्यासाठीं सारवून ठेवी, त्याच रीतीनें.

आणि सूर्य मावळावयाच्या घटकेस घरांतील प्रत्येकानें एकदां मोजून पाहावें, कीं ओटीवर सर्व माणसें आहेत ना. एक जरी कमी असलें, तर चहा थोडा थांबवावा आणि तिला बाहेर बोलवावें.