पेन्शन आणि पाटी
(हाउन्सलो येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या हाउन्सलोमध्ये 1793 साली बांधलेली कॅव्हलरी बॅरॅक्स आहे. 1846 साली तिथे फ्रेडरिक जॉन व्हाइट नावाच्या शिपायाला दीडशे फटके मारले गेले. काही आठवड्यांत तो मेला आणि इंग्लंडभर गदारोळ उठला. तेव्हा इंग्रजांचं लष्कर म्हणजे दयाळू संस्था होती, असा माझा मुळीच गैरसमज नाही. पण गावात ज्यांना शाळेची पायरी चढू देत नसत, त्या महार शिपायांच्या मुलांच्या हाती पाटी दिली ती याच लष्कराने. छावणीच्या शाळेत शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शिकवत. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते.

आज बोलायचं आहे ते त्यांच्याही आधीच्या गोपाळबाबा वलंगकरांबद्दल. महाडजवळच्या रावढूळचा हा माणूस 1886 साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहायला आला. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कँप दापोली’ म्हणतात. तिथे पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. पेन्शन ही गोष्ट इथे नीट समजून घ्या. गावकीच्या कामावर आणि बलुत्याच्या भाकरीवर जगणारा माणूस पाटलाशी वाद घालू शकत नाही. ज्याचे पैसे दर महिन्याला सरकारकडून येतात तो घालू शकतो.

गोपाळबाबांनी तो घातला. ते जोतीराव फुल्यांच्या विचारातले. ‘दीनबंधु’त लिहायचे. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तिच्यात शिव्याशाप नाहीत, प्रश्न आहेत, एकामागून एक. पुढे त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली. हे सगळं कुणाच्या पगारावर नाही, स्वतःच्या निवृत्तीच्या काळात.

आणि नेमक्या याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. म्हाताऱ्यांची पेन्शन चालू राहिली, पण पोरांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर छावणीची शाळाही गेली. भरती पुन्हा सुरू करा म्हणून गोपाळबाबांनी 1894 साली अर्ज लिहिला. दुसरीकडे दापोलीचे पेन्शनर नगरपालिकेच्या शाळेत मुलांना घ्या म्हणून मागे लागले. मुलांना घेतलं, पण व्हरांड्यात बसवलं. पेन्शनर तेवढ्यावर गप्प बसायला तयार नव्हते. त्यांना दान नको होतं. कर भरून चालणाऱ्या शाळेत, आत, इतरांबरोबर जागा हवी होती. माझ्या मते आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात हे अर्ज मोठमोठ्या देणग्यांपेक्षा कमी मोलाचे नाहीत.

1895 साली गोपाळबाबांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला नकार दिला. म्हणजे मुलगा व्हरांड्यात आणि आजोबाही बाहेरच. 1900 साली ते गेले. त्याच महाडात 1927 साली चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, तेव्हा परिषदेला निवृत्त सैनिक आलेच होते.

मागच्या वर्षी आम्ही इथल्या काही जणांनी वर्गणी काढून कोकणातल्या एका शाळेला संगणक दिले. फोटो आले, आभाराचं पत्र आलं. गोपाळबाबांवर वाचायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या शाळेत पाण्याच्या टाकीपाशी कोण आधी जातं आणि जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसतं, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. आता पत्र लिहिलं आहे, उत्तर यायचं आहे.

रामजींचं एक सांगतो आणि थांबतो. मुंबईत भीमरावांना पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. त्या मुलींबद्दल आपण फारसं बोलत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे त्यांच्याविषयी अधिक माहिती असेल तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा.