नकाशात नसलेली खोली

दिल्लीच्या जुन्या वसाहतींतील कित्येक घरांच्या गच्चीवर एक लहानशी खोली असे. तिला तिकडे ‘बरसाती’ म्हणतात. कुटुंब वाढले की तिच्या शेजारी दुसरी खोली उठते, न्हाणीघर येते, वर स्लॅब पडतो. पुढे कधी तरी घर विकायचे ठरते. नवी फरशी बसते, गिलावा आणि रंग होतो. या डागडुजीला महानगरपालिकेची परवानगी लागत नाही. खोलीला मात्र ती लागते, आणि ती घेतलेली नसते.

घरमालक करभरणा आणि विजेची देयके दाखवितो. परंतु कर स्वीकारणे म्हणजे बांधकामास मंजुरी देणे नव्हे. नोंदणीचेही तेच. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवून घेतो. त्याने भिंती कायदेशीर होत नाहीत. परवानगीवाचून केलेले बांधकाम 1957 च्या दिल्ली महानगरपालिका कायद्यान्वये पाडता येते, आणि नोटीस येते तेव्हा घरात राहत असतो तो नवा मालक.

विक्रेत्याचे कर्तव्य 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम 55 सांगते. जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण दक्षता घेऊनही कळण्याजोगा नाही, तो त्याने उघड केलाच पाहिजे. अन्यथा ते कपट ठरते. येथे वाद संभवतो. खोली तर डोळ्यांसमोर उभी आहे, मग लपविले काय? लपलेली असते ती मंजुरीची उणीव. खरेदीदाराने मंजूर नकाशा मागावयास हवा होता, असे विक्रेता म्हणेल; ते अगदीच चूक नाही. तथापि ज्याने त्या खोलीसह साऱ्या घराचे मोल घेतले, त्याच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही.

मेरठ येथील एका प्रकरणात 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ काळ लोटल्याने अनधिकृत बांधकाम वैध होत नाही. बँकांनीही पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पडताळूनच तारण कर्ज द्यावे, असा आदेश झाला. तेव्हा मौन बाळगणाऱ्याचा व्यवहार बँकेच्या दारातच अडू शकतो.

नियमांच्या मर्यादेत बसणारी वाढ शुल्क भरून नियमित करून घेता येते. ते काम विक्रीपूर्वी व्हावे. न बसल्यास खोली पाडावी, नाही तर खरेदीखतात तसे लिहून तिची किंमत घेऊ नये. तसे लिहिल्याने पाडकामाचा धोका टळत नाही. खरेदीदार तो जाणूनबुजून पत्करतो, इतकेच. खालचे खांब वरचा भार पेलतील काय, हे मात्र अभियंत्याकडून आधीच तपासून घ्यावे. दिल्ली भूकंपप्रवण पट्ट्यात आहे.