सॅम कुक : गीतातून दिलेली साक्ष
(भाषणाचा मजकूर)



कायद्याच्या अभ्यासकांना अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा ‘हार्ट ऑफ अटलांटा मोटेल’ खटल्यातील १४ डिसेंबर १९६४ चा निर्णय परिचित आहे. त्याच्या तीनच दिवस आधी सॅम कुक हा कृष्णवर्णीय गायक लॉस एंजेलिस येथे गोळी लागून मरण पावला. संगीताच्या गोडीने नव्हे, तर या दोन तारखांनी मला त्याच्या गाण्याकडे नेले.

सॅम कुक १९३१ साली मिसिसिपी राज्यात जन्मला व शिकागोत वाढला. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे प्रथम तो भक्तिगीते गाई. १९५७ साली त्याचे ‘यू सेंड मी’ हे प्रेमगीत देशभर गाजले. चर्चमधील आर्त सूर लौकिक गीतात आणून ज्यांनी ‘सोल’ संगीत घडविले, त्यांत तो अग्रभागी होता. कीर्ती मिळाली, धन मिळाले. परंतु कातडीचा रंग त्यामुळे बदलत नाही! ऑक्टोबर १९६३ मध्ये ल्युइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट शहरी, खोली आगाऊ राखून ठेवली असतानाही, हॉटेलने त्याला जागा नाकारली. त्याने जाब विचारला, आणि शांतताभंगाच्या आरोपावरून अटक झाली ती त्यालाच. अपमान करणारा मोकळा राहिला, अपमान सोसणारा आरोपी ठरला.

बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचे ‘ब्लोइंग इन द विंड’ ऐकून, असे गीत आपल्यापैकी कोणी का लिहू नये, ही बोच त्याच्या मनात होतीच. ३० जानेवारी १९६४ रोजी त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गीत ध्वनिमुद्रित केले.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलांतील वर्णभेद बेकायदा ठरला. अटलांटातील एका मोटेलमालकाने त्यास आव्हान दिले. न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. पण त्या निर्णयाचा मुख्य आधार कोणता? आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा काँग्रेसचा अधिकार! प्रवाशाला दार बंद झाले की व्यापाराला बाध येतो, हे न्यायालयाने मान्य केले. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनाला काय यातना होतात, हे त्या गीताने सांगितले.

आणि त्या सांगण्यावरही कात्री चालली. गायकाच्या मृत्यूनंतर त्याच डिसेंबरात गीताची स्वतंत्र तबकडी निघाली; सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास मज्जाव होत असल्याचे सांगणारे नेमके कडवे तिच्यातून वगळलेले होते. मार्चमधील मूळ संग्रहात ते होते, म्हणून आज ते ऐकावयास मिळते. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी क्षमा मागितली ती २०१९ साली.

मित्रहो, निकालपत्र हक्क देते. तो हक्क का मागावा लागला, याची साक्ष पीडितानेच द्यावयाची असते. ती साक्ष कोणी छाटू लागल्यास मूळ प्रत जपून ठेवा.