हाडाच्या तुकड्यावरून प्राण्याची ओळख
(जांभूळ येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी सांगून बसलो की, जबलपूरला अमेरिकेतल्या टायरॅनोसॉरसचा भाऊबंद सापडला आहे. एका जुन्या पुस्तकात तसे वाचले होते. एका मुलीने विचारले, "सर, सबंध सांगाडा मिळाला का?" मी निरुत्तर झालो. मागाहून शोध घेतला, तेव्हा माझी चूक कळली. ती आज आपल्यासमोर दुरुस्त करतो.

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत मॅटली या भूशास्त्रज्ञाला कवटीचे काही तुकडे मिळाले. १९३३ साली फॉन ह्यूने व मॅटली यांनी त्यांना इंडोसुकस व इंडोसॉरस अशी नावे दिली. १९७८ साली शंकर चटर्जी यांनी इंडोसुकसला टायरॅनोसॉरसच्या घराण्यात बसवले. पुढे १९८५ साली अर्जेंटिनातील अबेलिसॉरसची कवटी प्रसिद्ध झाली आणि आपले तुकडे त्या घराण्याशी जुळले.

असा घोटाळा का होतो? मांसाहारी डायनोसॉरच्या दाताला करवतीसारखी धार असते. पण ती अनेक घराण्यांत सारखीच. नुसत्या दातावरून प्राणी मांस खाणारा होता एवढे समजते, त्याचे कूळ सहसा समजत नाही. कूळ सांगते ती कवटी. अबेलिसॉरसच्या घराण्यात कवटी आखूड व उंच, तिचे हाड जाड व खडबडीत असते. मादागास्करमध्ये अशाच एका जाड माथ्यावरून १९७९ साली तो प्राणी वनस्पती खाणारा ठरवला गेला होता. १९९६ साली जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली, तेव्हा तो मांसाहारी निघाला!

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे १९८२ ते १९८४ या काळात मिळालेल्या हाडांवरून २००३ साली राजासॉरस जाहीर झाला. त्याच्या डोक्यावर एक बुटके शिंग होते. तोही याच घराण्यातला. अर्जेंटिना, मादागास्कर व भारत एकमेकांपासून इतके दूर, मग नातलग कसे? कारण एके काळी ही सारी भूमी गोंडवन या एकाच खंडात होती. टायरॅनोसॉरसचे घराणे मात्र उत्तर अमेरिका व आशियातले. भारत त्या वेळी आशियाला जोडलेलाच नव्हता.

मुले विचारतात, आपल्या डोंगरात हाडे मिळतील का? जांभूळला विहीर खणली की काळा पाषाण लागतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. हाडांचे लॅमेटा थर त्याच्याखाली असतात. लाव्हा झिजून गेला तेथेच ते उघडे पडतात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे असे थर आहेत. तेथे शाकाहारी डायनोसॉरची हाडे व दगड झालेली विष्ठाही मिळाली आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी माझी चूक फळ्यावर लिहून दुरुस्त केली. त्याने माझा मान कमी झाला नाही. उलट मुले अधिक प्रश्न विचारू लागली. तुकड्यावरून मत द्यावेच लागते, पण नवा तुकडा मिळाला की ते बदलण्याची तयारी हवी. एका उत्तरपत्रिकेवरून सबंध मुलाविषयी मत बनवणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.